तोंड न मिटणारे मासे

सावनीच्या दहाव्या वाढदिवसाला मासे आणायचं माझ्या नवऱ्याने, आदेशने कबूल केलं, तेव्हा मला वाटलं गोल्डफिश येतील. आले ते दोन केशरी, गुबगुबीत, डोक्याशी फुगलेले मासे. तोंड उघडं ते उघडंच, मिटायचं नावच नाही. पोपटाच्या चोचीसारखं दिसतं म्हणून दुकानदार त्यांना पॅरट म्हणतात आणि हौशी लोक हसरा मासा म्हणून कौतुकाने घरी नेतात.

सावनी तर वेडीच झाली. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि थेट टाकीपाशी. "देखो ना आई, ये मुझसे बात कर रहा है!" आमच्या लेकीला घरातलं मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. जन्म लखनौचा, वाढली जानकीपुरमच्या गल्लीत, तिला कुठे बोल लावणार?

मासे गोड होते, नाही म्हणत नाही. माणूस दिसलं की काचेशी येऊन तोंड हलवायचे. पण एकदा मी त्यांना खाताना पाहिलं आणि माझं मनच उडालं. दाणा तोंडात घ्यायचे, तो उघड्या तोंडातून परत बाहेर पडायचा, की पुन्हा त्याच्यामागे धावायचे. सावनी दाणे बोटांनी चुरून टाकायला लागली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

सावनी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता, टाळूसुद्धा. दूध पाजलं की नाकातून बाहेर यायचं. मी चमच्याने थेंब थेंब पाजून तिला जगवलं. सांगलीहून बाळंतपणाला आलेल्या माझ्या मावशीने दारातच विचारलं होतं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" अंगात ताकद असती तर तिला आल्या पावली स्टेशनवर पाठवलं असतं. पुढे तीन ऑपरेशनं झाली. आता ओठावर एक पांढुरकी रेघ आहे आणि आवाज जरा नाकातून येतो, एवढंच. वर्गात कुणी चिडवलं तर ती घरी सांगत नाही. त्या दिवशी डबा तसाच परत येतो, त्यावरून मला कळतं.

तर या माशांचं तोंड असं का, हे मी रात्री जेवताना आदेशला विचारलं. तो औषध संशोधनाच्या संस्थेत आहे, असल्या गोष्टी त्याला ठाऊक असतात. म्हणाला, "हा मासा नदीत कुठेच सापडत नाही गं. दोन वेगळ्या जातींचा संकर आहे. त्यात तोंड असं झालं, पाठीचा कणाही थोडा वाकडा. लोकांना नेमकं तेच आवडलं, म्हणून मुद्दाम तसेच पैदा करतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सावनी शेजारी पाटावर चित्र रंगवत बसली होती. तिला कळू नये असं काही बोलायचं तर आमच्याकडे एकच सोय आहे. इंग्रजी तिला शाळेत शिकवतात, हिंदी तर तिचीच. म्हणून आम्ही जड, पुस्तकी मराठी काढतो.

"असा विकृत जीव जाणूनबुजून जन्माला घालणं हा अपराध आहे," मी म्हटलं. "आयुष्यभर यातना भोगण्यापेक्षा जन्मच नको."

"आता जन्मलेत ना? त्यांचा काय दोष?"

"त्यांचा नाही, आपला. आपण विकत घेतो म्हणून आणखी जन्माला येतात. परत देऊन ये."

आदेशने भाताचा घास घेतला आणि विषय तिथेच राहिला. सावनीचा ब्रश चालूच होता, मी मुद्दाम पाहिलं होतं.

रविवारी सकाळी तीच म्हणाली, "आई, मछलियाँ वापस कर आते हैं." मला केवढा अभिमान वाटला! म्हटलं, पोरीला न सांगता कळलं. इतकी मी शहाणी.

जानेवारीचं धुकं होतं. पाण्याच्या पिशवीला वर्तमानपत्र गुंडाळून, ती मांडीवर घेऊन सावनी स्कूटरवर माझ्यामागे बसली. अलीगंजला दुकान नुकतंच उघडलं होतं.

"क्या हुआ बिटिया, मन भर गया?" दुकानदाराने विचारलं.

सावनीने पिशवी काउंटरवर ठेवली. "अंकल, इनका मुँह ऐसा क्यों बनाते हैं?"

"लोगों को प्यारा लगता है, बेटा. हर वक़्त हँसता हुआ."

"सब ऐसे ही निकलते हैं?"

"अरे नहीं. बहुत से ज़्यादा बिगड़ जाते हैं. किसी का मुँह खुलता ही नहीं, किसी की कमर टेढ़ी. उनको वहीं हटा देते हैं, दुकान तक आते ही नहीं." माणूस वाईट नव्हता. आपल्या धंद्यातली एक नेहमीची गोष्ट सांगत होता.

सावनी माझ्याकडे वळली. आणि अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत तिने विचारलं, "आई, मला का नाही हटवलं?"

"काय बोलतेस तू हे?"

"तूच बोलली ना. विकृत जीव. अपराध. जन्मच नको."

एकेक शब्द स्पष्ट. विकृत, अपराध, जन्म. सगळे तिच्या हिंदीच्या पुस्तकातलेच की! आमचं जड मराठी तेवढंच तिला सगळ्यात सोपं. दोन शिकलेल्या माणसांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ते माशांबद्दल होतं, बाळा," मी घाईघाईने म्हटलं. "मासे पैदा करणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. आम्हाला तुझं कुठे माहीत होतं?"

बोलले आणि जीभ चावली. खोटं नव्हतं ते. सोनोग्राफीत तिचा हात तोंडावर होता. बाळ लाजतंय, असं म्हणून डॉक्टर हसल्या होत्या आणि आम्हीही हसलो होतो.

"और पता होता तो?"

टाक्यांमधले पंप बुडबुड करत होते. दुकानदार उगाच डबे सरकवायला लागला. शेवटी मी म्हटलं, "तरी तूच. तरी मला तूच हवी होतीस."

तिने मान हलवली. काउंटरवरची पिशवी उचलून पोटाशी धरली. "अंकल, हम वापस नहीं कर रहे."

मी तिला अडवलं नाही. असे मासे कुणी पैदा करू नयेत आणि आपण ते घेऊ नयेत, हे मला आजही तितकंच पटतं. पण तिच्या डोळ्यांदेखत त्या दोघांना तिथे सोडून निघणं माझ्याच्याने होईना.

चौक ओलांडल्यावर मागून आवाज आला, "आई, बोलने में इतनी देर क्यों लगाई?"

मी स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं आणि मागे वळले. "रडू येत होतं गं. म्हणून."

हेच खरं होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर माझं मलाच ते सबबीसारखं ऐकू आलं.

सावनीने माझा चेहरा नीट निरखला.

"अच्छा," ती म्हणाली. "चलो, इनका पानी ठंडा हो रहा है."

तिला पटलं म्हणून ती 'अच्छा' म्हणाली की माझी कीव येऊन, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली.