शून्यावर आणलेलं यंत्र

फाइलमध्ये एकच ओळ होती: ‘पवनचक्की एकदाही फिरलेली नाही.’ ती खरी असेल तर टेकडीवरचा लोखंडी मनोरा पुढच्या आठवड्यात भंगारात जाणार होता. खोटी असेल तर तो आमच्या विज्ञान संग्रहालयाच्या आवारात उभा राहणार होता. तपासणी माझ्याकडे आली. या पवनचक्कीचे एकमेव मेकॅनिक माझे वडील होते, हे मी फॉर्मवर लिहून दिलं.

“मग तर तू जास्तच कडक राहशील,” साहेब म्हणाले. ते खरं होतं.

बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ती सात महिने फिरली. चाळीस वर्षं ते हे सांगत होते आणि चाळीस वर्षं लोक त्यांना ‘पंखेवाले’ म्हणत होते. केस कापायला बसले तरी न्हावी विचारायचा, “काय पंखेवाले, आज वारा पडला वाटतं?” नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. टेकडी इतकी आडबाजूला, की पवनचक्की फिरताना पाहिलेली साक्षीदार एकच, आई. आणि तिची साक्ष पडली घरची.

तपासणीच्या सकाळी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. आई शिवणाची पिशवी घेऊन खाली स्टुलावर बसली.

“तू कशाला आलीस? मी आहे ना बाबांबरोबर,” मी म्हटलं.

“तू मोजमापं घेत बसशील. हे पडले तर किती सेकंदांत पडले ते सांगशील.”

शिडी मनोऱ्याच्या आतून जाते, अठ्ठेचाळीस पायऱ्या. वर पत्र्याची एक खोली आहे. दोघांना मावायचं तर एकाने श्वास सोडावा लागतो. गंज, घरटी, कोळिष्टकं असतील या तयारीने मी टॉर्च लावला. जनित्र ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळलेलं होतं. भिंतीवर नट आवळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले.

“बंद करताना नीट आवरून ठेवलं होतं,” बाबा म्हणाले.

शाफ्टजवळ फेरे मोजणारा काउंटर होता. मी काच पुसली. पाच आकडे, पाचही शून्य.

“बाबा, हे शून्य आहे.”

“असणारच. मीच केलं.”

“काय?”

“बंद करताना सगळं शून्यावर आणायचं, ही शिस्त. पुढच्या माणसाला उष्टं यंत्र द्यायचं का?”

मला फाइलमधली ओळ आठवली. ताबा घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याने काउंटर पाहिला आणि शून्याचा जो अर्थ होतो तो लिहून टाकला. त्याच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

“बेअरिंग तरी झिजली असतील?”

“बदलली.”

“गिअर? ब्रेकचे पट्टे?”

“नवे. तेलसुद्धा नवं.”

“आणि कार्बन ब्रश?” मिक्सरमध्ये असतात तसे हे ठोकळे, फक्त मोठे. शाफ्टवरच्या तांब्याच्या कड्यांना ते टेकलेले असतात आणि कडी फिरली की झिजून त्यांच्या तोंडाला कड्याचीच गोलाई येते.

“ते पण नवे. बघ की,” बाबा कौतुकाने म्हणाले.

पाहिले. तोंडं सपाट, या ब्रशखाली कडं एकदाही फिरलं नव्हतं.

“बाबा, स्वतःविरुद्ध इतका भक्कम पुरावा शत्रूलाही जमला नसता.”

रुमाल काढून बाबांनी काउंटरच्या काचेवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला. मग हळूच म्हणाले, “लिही मग. नाही फिरली.”

मी पेनाचं टोपण काढलं नाही. “जुने ब्रश कुठे टाकलेत?”

“आता कुठलं आठवायला!”

“काय शोधताय गं?” खालून आईचा आवाज पोकळ मनोऱ्यातून घुमत वर आला.

“जुने कार्बन! काळे ठोकळे, मागे तांब्याची वेणी असलेले!”

“वेणी कधीच तुटली!”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“तुझ्याकडे आहेत?” मी ओरडले.

“एक आहे! यांच्या पँटच्या खिशात निघाला. धुण्याआधी खिसे कोण तपासतं या घरात? फिक्या कापडावर खुणा करायला फार छान आहे!”

दोरीला बांधून पिशवी वर आली. ठोकळ्याचा एक कोपरा खुणा करून गोल झाला होता. तो मी मोजमापातून वगळला. नवा ब्रश चाळीस मिलिमीटर, हा सतरा. ठोकळ्यावरचा नंबर तोच. तोंड आतून वक्र. मी ते तांब्याच्या कड्यावर टेकवलं आणि मागून टॉर्च धरला. उजेड आला नाही. फट नव्हतीच.

“फिरली ना?” बाबांनी विचारलं. चाळीस वर्षं जगाला सांगणारा माणूस मला विचारत होता.

“फिरली, बाबा. पुष्कळ फिरली.”

त्यांनी रुमाल परत काढला. या वेळी काच पुसली नाही.

खाली उतरलो तेव्हा आईने हात पुढे केला. “द्या इकडे. बाहीच्या खुणा राहिल्यात.”

“आई, हा आता संग्रहालयात जाणार. काचेच्या पेटीत.”

“आणि मी खुणा कशाने करू?”

“मी खडू आणून देतो,” बाबा म्हणाले.

“पांढऱ्या कापडावर पांढरा खडू? वा, पंखेवाले!”

त्या नावावर बाबांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

अहवालात मी लिहिलं: यंत्र चाललेलं आहे. पुरावा: कार्बन ब्रश एक, लांबी सतरा मिलिमीटर. सध्या वापरात, दुसरी बाही झाल्यावर मिळेल.