डूल आत, झाकण बंद

मी एक डबी आहे, कागदाची. काराकोल गावात उमसूनाईबाईंच्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर असते. इथून माझा आवाज बाहेर पोचतो की नाही, ठाऊक नाही. तरी सांगते.

उमसूनाई बालवाडीत शिकवायच्या. मुलांसाठी कागदाचे लांडगे आणि बोकड करून करून त्यांचा हात बसला होता. मला त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या आणि पिठाची खळ यांतून घडवलं, कारण मुलाचं, तिलेकचं, लग्न ठरत होतं. आमच्याकडे होणारी सासू मुलीच्या कानात स्वतःच्या हाताने चांदीचे डूल घालते. डूल चढले की मुलगी त्या घरची झाली. ते डूल माझ्यातून न्यायचे होते.

"साधी नको, जुन्या राजवाड्यातली वाटली पाहिजे," उमसूनाई म्हणाल्या.

शेजारच्या राइसाचं बाजारात बटणं, लोकर आणि रंगांचं दुकान. तिने तडे पाडणाऱ्या रसाची एक बाटली आणून दिली. खाली गडद रंग द्यायचा, त्यावर हा रस, रसावर फिका रंग. वाळताना फिका रंग आपोआप फाटतो आणि तड्यांतून खालचा गडद रंग दिसतो.

सांगायला सोपं. माझ्या अंगावर मात्र काहीच फाटलं नाही. मी कोरडा कागद, सगळा रस पिऊन टाकला आणि वरचा रंग भिंतीसारखा गुळगुळीत वाळला.

"अगं, आधी हिला रोगण पाजायचं होतंस," राइसा म्हणाली. "तहानलेल्या कागदाला रस दिलास तर तो पिणारच की!"

मग रोगण आलं. त्यावर पुन्हा गडद रंग, पुन्हा रस, पुन्हा फिका रंग. या खेपेला उमसूनाईंनी ब्रश पुढे-मागे, पुढे-मागे घासला. ओला रंग रसात कालवला गेला आणि माझ्यावर गोळे जमले.

"एकदा फिरवायचा आणि हात उचलायचा!" राइसा ओरडली. "पोराचे केस विंचरतेयस का?"

"तू कर मग."

"मी कशाला करू? माझं दुकान तुझ्या चुकांवरच चालतं."

दोघी हसल्या. मला हसू येत नव्हतं. दर चुकीला पॉलिश पेपरने अंग घासलं जायचं आणि वर नवा थर बसायचा. एकदा केस वाळवायचं यंत्र फार जवळ धरलं, तर अंगावर फोड आले. तेही बुजवले गेले. मूळची मी, ती बातम्यांची आणि पिठाच्या वासाची, खोल खाली राहिले. वरून ब्रश फिरला तरी मला तो लांबून, भिंतीपलीकडून फिरल्यासारखा वाटायचा.

शेवटी जमलं. रस बोटाला जरासा चिकटेल इतपतच सुकू दिला, वरचा रंग जाडसर घेतला आणि एका दिशेने एकदाच ओढला. बघता बघता अंगभर बारीक रेघा उमटल्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. उमसूनाई टाळ्या वाजवत खुर्चीवर बसल्या.

आणि घाईत घात झाला. चमक यावी म्हणून त्यांनी वर पाण्यातलं रोगण लावलं. पाणी तड्यांतून आत उतरलं, खालचा रस परत जागा झाला, आणि मी चिकट झाले. तशातच डूल आत ठेवून त्यांनी झाकण लावलं, मला रुमालात बांधलं आणि सगळे मोटारीत बसले.

मुलीचं गाव सरोवराकाठी. घरात पंगत मांडलेली. कणकेचे तळलेले बोरसोक, सुकवलेले जर्दाळू, मटणाचा वास. मला मधोमध ठेवलं. होणारी नवरी, मेरिम, समोर येऊन बसली. तिची बोटं टेबलाखाली एकमेकांत अडकली होती.

उमसूनाईंनी झाकण ओढलं. निघेना. जोर लावला, तरी निघेना.

"अगं, सून यायच्या आधीच कुलूप घातलंस का?" तिलेकची आत्या बुरूल म्हणाली. सगळे हसले. तिलेकने ओढून पाहिलं, मुलीच्या बापाने पाहिलं. हसणं ओसरलं.

"लक्षण बरं नाही," कोणीतरी पुटपुटलं.

"लक्षण कसलं? सुरी आणा!" बुरूल म्हणाली. सुरी आली. उमसूनाईंनी पातं माझ्या कडेला टेकवलं.

"आपा, नका कापू." मेरिम उमसूनाईंना म्हणाली. फार हळू, पण सगळ्यांनी ऐकलं.

"का गं? दुसरी करता येईल की," उमसूनाई म्हणाल्या.

मेरिमने खाली मान घातली. उमसूनाईंनी सुरी बाजूला ठेवली. त्या मुलीकडे वळल्या.

"मेरिम, तुला कोणी विचारलं का गं?"

"आपा, हे काय विचारणं झालं? ठरलंय सगळं," तिची आई घाईने म्हणाली.

"मी मुलीला विचारतेय."

मेरिमने मान वर केली. मग एकदम बाहेर पडलं, "मला बिश्केकला परिचारिकेच्या शाळेत जागा मिळालीय. मी कोणाला सांगितलं नाही. तिलेक वाईट नाहीत. पण मला जायचंय."

तिलेकचे कान लाल झाले. उमसूनाईंनी मला उचलून रुमालात गुंडाळलं.

"डबी वाळलेली नाही," त्या म्हणाल्या. "न वाळलेल्या वस्तूवर जोर करायचा नसतो. चला, आता जेवू या."

परतीच्या वाटेवर बुरूल गावभर काय काय बोललं जाईल ते सांगत राहिली. तिलेक कित्येक आठवडे आईशी धड बोलला नाही. आणि मी कपाटात गेले, डूल आत, झाकण बंद. आतला अंधार अगदी गच्च होता. मला वाटलं, आता कोणी मला उघडणारच नाही.

जर्दाळू पिकले तेव्हा मेरिम बिश्केकहून आली. पांढरा कोट हातावर, चेहरा उन्हाने रापलेला. उमसूनाईंनी तिच्यापुढे गार, आंबट शेवयांचा, अश्लान-फूचा, वाडगा ठेवला. तिलेकने दारातूनच नमस्कार केला आणि कामाला गेला. सावरत होता.

"त्या दिवशी विचारलं नसतं तर?" उमसूनाईंनी विचारलं.

"घातले असते डूल. आणि रोज झोपताना टोचले असते." मग मेरिम थांबली. "तुमच्या कानात कोणी घातले होते, आपा?"

"माझ्या? मला तर पळवून, मोटारीत कोंबून आणलं होतं. डोक्यावर पांढरा रुमाल टाकला, झालं लग्न. कानाला हात कोण लावतंय?"

मेरिम उठली. कपाटातून मला काढलं, पातळ पातं घेतलं आणि माझ्या कडेने हळूहळू फिरवलं. दुखलं. माझे सगळे थर एकेक करून सुटले, अगदी तळच्या वर्तमानपत्रापर्यंत. झाकण निघालं, आत उजेड शिरला.

तिने डूल घेतले आणि उमसूनाईंच्या कानात घातले. उमसूनाईंनी दोन्ही डूल बोटांनी चाचपले. मग आरशाकडे न जाता थेट चुलीकडे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

आता मी रिकामी आहे. झाकण नीट बसत नाही, कड फाटलेली. राइसा गिऱ्हाइकांना घेऊन येते, काचेवर बोट ठेवून सांगते, "हे बघा तडे, असे पाहिजेत." माणसं बघतात, जातात. काच उघडत नाही कोणी.

तुम्ही आलात तर एवढं करा. नवा रंग नको, रोगणही नको. काचेचं दार जरा उघडा आणि फाटक्या कडेवरून एकदा बोट फिरवा. तिथे माझा कागद अजून उघडा आहे.