डगआउटातल्या टाकीचं गाऱ्हाणं

बोलू का जरा? इतकी वर्षं गप्प राहून सगळ्यांना पाणी पाजलं, आता बोलते. मी पाण्याची टाकी. छपरावरची भलीमोठी समजू नका. बाकाच्या टोकाला ठेवतात ती मी, नारिंगी अंगाची, पांढऱ्या झाकणाची, खाली तोटी असलेली. पोटात अडतीस लिटर पाणी मावतं आणि वरून बर्फ. बेसबॉलच्या मैदानाला लागून खेळाडूंची अर्धी जमिनीत गेलेली ओसरी असते, डगआउट म्हणतात तिला. तिथे माझा जन्म गेला.

कारखान्यात मला साच्यातून काढलं तेव्हा एका बाईने माझ्या अंगावर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाली, "ही दणकट आहे बघ. हिला काही व्हायचं नाही." मला बाई फार बरं वाटलं होतं तेव्हा. अक्कल नव्हती, दुसरं काय.

तिथून आले ती मिलबर्नला. अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं गाव, चहूकडे मका, एक धान्याचं कोठार आणि एक मैदान. आमच्या संघाचं नाव करकोचे. संघ कसला, सगळी हुकलेली माणसं. कुणाला मोठ्या क्लबने काढून टाकलेलं, कुणाला कधी घेतलंच नाही. नऊ-नऊ तास बसने जायचं, खेळायचं, परत यायचं, आणि थंडीत लोकांच्या घरांवर कौलं बसवायची. पण प्रत्येकाला वाटायचं, एक दिवस वरून फोन येईल.

आता ह्यांच्या रागाचं सांगते, कारण माझी सगळी कथा त्यातच आहे. फलंदाजाच्या पुढ्यात, छातीपासून गुडघ्यापर्यंत, एक न दिसणारी चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, तीन गडी बाद झाले की डाव संपला. चार बॉल झाले की फलंदाज बॅट टाकून फुकट पहिल्या तळावर चालत जातो, आणि सगळे तळ फिरून आलं की धाव. चेंडू चौकटीतून गेला की बाहेरून, हे सांगायला मागे एक पंच वाकून उभा असतो. चेंडू येतो ताशी दीडशे किलोमीटरने, आणि ह्या बिचाऱ्याने पापणी लवायच्या आत सांगायचं. मग ज्याच्या विरुद्ध जाईल तो पेटतो. तुम्हीच सांगा, दिवसाकाठी अडीचशे चेंडू, म्हणजे अडीचशे वेळा कुणाचं तरी डोकं फिरणार.

पंचाला इथे कुणी नावाने हाक मारत नाही. सदरा निळा, म्हणून तो 'निळ्या'. "ए निळ्या, चष्मा घरी विसरलास का?" "निळ्या, बायकोला पाठव तुझ्या, तिला तरी दिसत असेल." एवढं चालतं. चेंडूला काय वाटेल ते म्हणा, पंच ऐकून घेतो. पण बोलणं त्याच्या अंगावर गेलं की त्याचा हात वर होतो आणि तुम्ही मैदानाबाहेर. अंगाला हात लावलात तर महिनाभर घरी बसा, पगारही गेला.

मला हात लावला तर मात्र काहीच होत नाही. म्हणून ही मंडळी पंचावर चिडतात आणि पायऱ्या उतरून माझ्याकडे येतात. एक बॅटने हाणायचा. एक मला उचलून थेट मैदानात भिरकवायचा, सगळा बर्फ गवतावर. एक जण लाथ घालून झाल्यावर मला उचलून सरळ ठेवायचा आणि "चुकलं गं बाई" म्हणायचा. त्याला दुसऱ्याच वर्षी संघातून काढलं. आणि निर्लज्जपणा बघा, माझ्यावर सूड उगवून झाला की घसा कोरडा पडतो, मग पेला धरायचा माझ्याच तोटीखाली.

लेस्टर प्रूट मात्र माझी बाजू घ्यायचा. लेस्टर म्हणजे आमचा कोच, पासष्टीचा, गुडघे गेलेला, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. नवा खेळाडू आला की त्याला माझ्यासमोर उभा करायचा आणि सांगायचा, "हे बघ बाळा, राग येणार. आला की हिला लाथ मार. हात लावायचा नाही. हातावर तुझं पोट आहे." आणि कुणी लाल होऊन पायऱ्या उतरताना दिसला की म्हातारा आधीच माझ्यापुढे येऊन उभा राहायचा, पोट पुढे काढून. त्याला ओलांडून माझ्यापर्यंत यायची कुणाची टाप नव्हती. तरी लेस्टरला माझी माया होती असं नाही. त्याला हातांची काळजी.

त्या हातांत एक हात होता कर्टिस व्हँडिव्हरचा. कर्टिस चेंडू टाकायचा, म्हणजे पिचर. वय एकोणतीस, मिलबर्नमध्ये सातवं वर्ष. ह्या खेळात एकोणतीस म्हणजे लग्नाच्या बाजारात चाळिशी. त्याचा उजवा हात मी जवळून पाहिलाय. पाणी प्यायला यायचा तेव्हा पेला डाव्या हातात धरायचा, उजव्याला काही उचलू द्यायचा नाही. बसमध्ये खिडकीशी बसून उजवा हात मांडीवर ठेवायचा, म्हणे. अन्सेल्मो त्याची टर उडवायचा, "हाताला वेगळं तिकीट काढ रे." अन्सेल्मो आमचा झेल घेणारा, व्हेनेझुएलाचा, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून कर्टिसचे सगळे चेंडू अडवायचा.

ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. दुपारी दोनचा सामना. उकाडा असा, की बिया चघळायलाही कुणाच्या तोंडात लाळ नव्हती. त्या दिवशी मागे प्रेक्षकांच्या बाकांवर एक माणूस येऊन बसला, चौकडीचा सदरा, मांडीवर वही. सगळ्यांना कळलं. वरच्या क्लबचा माणूस. त्यांना सप्टेंबरसाठी एक पिचर हवा होता आणि तो कर्टिसला बघायला आला होता. लेस्टर कर्टिसला म्हणाला, "तिकडे बघायचं नाही." नऊ डावांचा सामना, आणि कर्टिस दर डावाला तिकडेच बघत होता.

पंच होता मर्ल डॉकरी. वर्षभर शाळेची बस चालवायचा, उन्हाळ्यात निळा सदरा घालायचा. त्याला कधी कुणी पाणी विचारलं नाही, एक लेस्टर सोडून. दर तिसऱ्या डावानंतर लेस्टर एक पेला भरून त्याच्याकडे पाठवायचा, आणि आमची पोरं तोंड वाकडं करायची, जणू काही शत्रूला रसद चाललीय.

सातव्या डावापर्यंत कर्टिस सुरेख खेळला. आम्ही एका धावेने पुढे. मग काय झालं कोण जाणे, दोन गडी बाद केले आणि तिन्ही तळ भरून बसला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आता एक स्ट्राइक पडला की डाव संपला, बॉल झाला की सगळे एकेक तळ पुढे सरकणार आणि समोरच्यांची धाव फुकट. कर्टिसने टाकला. चेंडू खाली, बाहेरच्या कडेला, अन्सेल्मोच्या पंज्यात बसला. आवाज मला इथवर आला.

डॉकरी हललाच नाही. बॉल.

कर्टिस ओरडत पुढे धावला. "कुठे बाहेर होता? कुठे होता सांग." अजून चार पावलं आणि एक शब्द, की तो बाहेर जाणार आणि ते चौकडीवाल्याच्या वहीत लिहिलं जाणार. लेस्टरने हे ओळखलं. तो गुडघे विसरून पळत सुटला, कर्टिसच्या पुढे शिरला, त्याला ढुंगणाने मागे ढकललं, आणि डॉकरीच्या नाकाला नाक लावून हातवारे करायला लागला. टोपी आपटली. बुटाने माती उडवली. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. दोन मिनिटांनी डॉकरीचा हात वर गेला आणि लेस्टर बाहेर. नियम असा, की बाहेर काढलेल्याने डगआउटातही थांबायचं नाही. लेस्टर माझ्यासमोरून आत कपड्यांच्या खोलीकडे गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, "ही टाकी भरा रे, पोरं वाळली उन्हात." लगेच कुणीतरी मला काठोकाठ भरलं, वर दोन पिशव्या बर्फ.

कर्टिसने पुढचा गडी एका चेंडूत बाद केला. डाव संपला, बरोबरी. सगळे आत आले. कर्टिसने अन्सेल्मोला धरलं. "स्ट्राइक होता ना तो? तुझ्या हातात आला. तू सांग."

अन्सेल्मो मुखवटा काढून तोंड पुसत बसला. "सोड ना आता."

"स्ट्राइक होता की नाही?"

अन्सेल्मो त्याला हसवायला गेला आणि तिथेच घोळ झाला. म्हणाला, "अरे म्हातारा तिथे भांडत नव्हताच. एवढा हातवारे करत होता ना, आणि तोंडाने विचारत होता, मर्ल, बायकोचं ऑपरेशन कसं झालं? डॉकरी म्हणतो, बरी आहे, घरी आणली. मग म्हातारा म्हणाला, बरं, आता मला हाकल, म्हणजे पोरगं वाचेल. मी तिथे उकिडवा, हसू दाबता दाबता मेलो." सगळे हसले. तेवढ्या उन्हात सगळ्यांना हसायचंच होतं.

कर्टिस हसला नाही. "म्हणजे माझ्यासाठी कुणी बोललंच नाही," असं म्हणाला, आणि वळला.

मी बघत होते तो येताना. माझ्यापुढे लेस्टर नव्हता. आणि मी काठोकाठ भरलेली. एरवी सातव्या डावापर्यंत अर्धी रिकामी असते मी, कुणी हाणलं की लवंडते, गडगडते, आवाज मोठा होतो आणि इजा कुणालाच होत नाही. त्या दिवशी चाळीस किलो घेऊन बसले होते. त्याने मूठ वळली, उजवी. मला पडायचं होतं. देवाशपथ सांगते, त्या एका क्षणी मला पडायचं होतं, आणि मी तसूभरही हलले नाही.

हाडाचा आवाज पाण्याच्या आतून ऐकू येतो. तो मी ऐकला.

बाकीच्यांना काही कळलं नाही, त्यांना वाटलं नेहमीचंच. आमचे फलंदाज मैदानात गेले, सगळे कठड्याशी जाऊन उभे राहिले. कर्टिसने माझं झाकण काढलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला, बर्फात. चेहरा पांढराफटक. तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. चौकडीचा सदरा.

तो माणूस चांगला होता हो, हेच वाईट. टोपी मागे सारून म्हणाला, "व्हँडिव्हर, मी जेस पोलार्ड. शेवटपर्यंत थांबत नाही, मला विमान गाठायचंय. म्हटलं स्वतः सांगून जावं."

कर्टिस म्हणाला, "साहेब, तो स्ट्राइक होता."

"कसला स्ट्राइक? बोटभर बाहेर होता. पंचाने बरोबर दिलं." पोलार्ड हसला. "पण तिन्ही तळ भरलेले, तीन-दोन, आणि तू मधोमध न टाकता तिथे टाकलास. आमच्याकडची निम्मी पोरं घाबरून मधोमध टाकतात आणि मार खातात. तो चेंडू बघितला आणि मी वही मिटली. गुरुवारी ये." आणि त्याने उजवा हात पुढे केला.

कर्टिसचा उजवा माझ्या पोटात, बर्फात. पोलार्डचा हात पुढे. मला आत त्याची बोटं लागत होती. तो मूठ वळून बघत होता. तीन बोटं मिटत होती, दोन मिटत नव्हती. तो परत परत बघत होता.

"काय झालं? घे की हात," पोलार्ड म्हणाला.

कर्टिसने डावा हात पुढे केला. पोलार्डने त्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वाकून माझ्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शिवी दिली नाही, हळहळलासुद्धा नाही. आपला हात मागे घेऊन खिशात घातला आणि आल्या पायऱ्या चढून गेला.

लेस्टर सामना संपल्यावर आला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तो कर्टिसशेजारी बसला आणि तोंडातल्या बिया हातात काढून घेतल्या. एवढा मोठा माणूस, रडायला लागला. पुढच्या हंगामाला तो आलाच नाही.

ह्याला आता तीन वर्षं झाली. आमच्या संघाने नवी टाकी आणली, निळी, भिंतीला साखळीने बांधलेली. मला टाकून देणार होते, तर कर्टिसच मागून घेऊन गेला. तो आता गावच्या धान्याच्या कोठारावर कामाला आहे. मी तिथे वजनकाट्याशेजारी असते, ट्रक घेऊन येणाऱ्यांना पाणी देते. माझ्या अंगावर मुठीएवढा खळगा आहे. नवीन माणूस दिसला, की कर्टिस त्या खळग्यावर हात ठेवतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेकत नाहीत, वरच राहतात. आणि सांगतो, "मी वर जाणार होतो. ठरलं होतं. डॉकरी नावाच्या एका आंधळ्या पंचाने मला संपवलं." ऐकणारा हळहळतो. डॉकरीला आता गावात पेट्रोल भरतानाही लोक ऐकवतात. तो उलट बोलत नाही, पंचाची सवय. त्याने निळा सदरा सोडला, म्हणतात.

कर्टिस वाईट नाही. त्याने तसं सांगितलं नाही तर त्याला झोप लागायची नाही, हे मला कळतं. पण माझ्या अंगावर हात ठेवून सांगतो ना, ते मला सोसवत नाही.

तुम्ही कधी मका घेऊन तिकडे आलात आणि तो सांगायला लागला, तर पाणी प्या, ऐकून घ्या. हळहळा हवं तर. फक्त एक विचारा त्याला. त्या दिवशी एक माणूस हात पुढे करून उभा होता, तो त्या चेंडूबद्दल काय म्हणाला? एवढं विचारा आणि तिथेच उभे राहा. तीन वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलं नाही.