ताईंचं घड्याळ

सत्त्याहत्तर साल. वडीगोद्रीचे रामराव जन्मांध. रस्त्याकाठी त्यांचं चहाचं हॉटेल, येणारी एस.टी. जालन्याची की बीडची, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. मूत्रपिंडातल्या जंतुसंसर्गाने तापलेल्या रामरावांना अंबडला आमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टर सत्यशीलाताई मला म्हणाल्या (प्रयोगशाळा मी सांभाळायची), "जेंटामायसिनच्या सुयांशिवाय रामराव वाचायचे नाहीत. आणि मूत्रपिंडांनी ते औषध बाहेर टाकलं नाही, तर अंगात साचून कान जातील."

पहिलं इंजेक्शन पूर्ण मात्रेचं दिलं. पुढचं किती वेळाने, हे ठरवायला दिवसभराची लघवी जमवायची होती. संध्याकाळी मी ती प्रयोगशाळेत न्यायला गेले, तर खाटेखालचं भांडं घासून लख्ख!

"व्याही भेटायला आल्ते," सून उषाबाई म्हणाली. "त्यांच्यापुढं तसलं कसं ठिवावं?"

ताई रागावल्या नाहीत. "पुन्हा जमवा. या वेळी व्याह्यांना बाहेर बसवा." तोवर त्यांनी माझ्याकडून रक्तातलं क्रिएटिनिन मोजून घेतलं; मूत्रपिंडं थकली की ते वाढतं. नेहमीच्या तिप्पट निघालं. वय, वजन घेऊन त्या पेन्सिलीने आकडे मांडू लागल्या. त्यांना चूक चालत नसे आणि घाईही. शेवटी सुई दिवसातून एकदाच ठरली.

मुलगा मच्छिंद्र भडकला. "बाजूच्याला तीनदा सुई अन् आमच्या बापाला एकदा? गरिबाचं औषध कुठं जाऊन राह्यलं?"

"बाजूच्याचं औषध लघवीवाटे निघून जातं. तुमच्या वडिलांचं अंगातच राहतं. जास्त दिलं, तर तुमचा आवाजही त्यांना ऐकू येणार नाही."

"बरंच व्हईल मंग," खाटेवरून रामराव पुटपुटले.

रोज सकाळी मी रामरावांचं रक्त घ्यायला गेले की ताई आपलं मनगटी घड्याळ त्यांच्या कानापाशी धरत आणि हळूहळू दूर नेत. लघवीच्या तपासणीनेही ताईंचा हिशेब बरोबर ठरला. ताप उतरला. अन् एका सकाळी घड्याळ कानाला टेकवलं तरी रामराव म्हणाले, "न्हाई. काहीच न्हाई."

दुसऱ्या कानालाही तेच. ताईंचा चेहरा पांढरा पडला. उषाबाईने तोंडाला पदर लावला.

"डाक्टरबाई," रामराव म्हणाले, "या रगत घेणाऱ्या बाईच्या हातातलं वाजून राह्यलं की. तुमचंच बंद पडलंय."

ताईंनी काटे पाहिले. दोन दिवस त्या घरी गेल्या नव्हत्या. चावी द्यायची राहून गेली होती. आता त्यांनी तिथंच उभ्याने चावी दिली.

घड्याळ त्यांनी पुन्हा रामरावांच्या कानापाशी नेलं.

"हां," ते म्हणाले. "आता बराबर."