दोन अपेंडिक्सची ताई

भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात एक काशाचं पदक टांगलेलं होतं, आणि बाकीचं घर त्या पदकाला भिंत हवी म्हणून बांधल्यासारखं वाटायचं. पदकावर आई, बाप, मांडीवर गुटगुटीत मूल, आणि कडेने कोरलेलं: 'उत्तम वाण'. सरकारच्या लोकसुधार खात्याने ते भाऊसाहेबांच्या वडिलांना एका स्पर्धेत दिलं होतं. मांडीवरचं मूल म्हणजे आपणच, असं भाऊसाहेब आल्यागेल्याला सांगायचे. तसली पदकं खात्याने पोत्यांनी पाडून घेतली होती आणि मूल सगळ्यांवर एकच होतं, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरवण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

आता हे उत्तम वाण पंचाहत्तरीला टेकलं होतं. परीक्षकांनी कौतुकाने मोजलेले दुधाचे दात तर पडायचेच होते, पण त्यानंतरचेही आता पेल्यात झोपत. कानांनी राजीनामा दिला होता. तरी कानाचं यंत्र लावायचं नाव काढलं की भाऊसाहेब उसळायचे. "आपल्या रक्तात बहिरेपण नाही!" असं ते इतकं ओरडून सांगत की शेजारचे खिडकी लावून घेत.

पदक घासायचं काम ताईंचं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, आणि आल्या दिवशीच पदक त्यांच्या हाती आलं. लिंबू-मीठ लावून त्यांनी ते इतकं घासलं की पदकावरच्या बापाचं नाक पार झिजून गेलं. भाऊसाहेबांच्या ते लक्षात आलं नाही. ताईंच्या आलं होतं, आणि त्या नाकावर जरा जास्तच जोर देत.

ताई बोलताना अडखळायच्या. शब्द ओठाशी येऊन अडायचा आणि तो सुटायच्या आत भाऊसाहेब आपला शब्द पुढे करायचे. ताईंचे अडकलेले ओठ मात्र त्यांना बरोबर दिसत.

"बाळ, माझा च... च..."

"चहा! अगं सूनबाई, ताईला चहा हवाय."

ताईंना चष्मा हवा असायचा. चहा यायचा आणि त्या तो गपचूप प्यायच्या.

घरात ताईंचा आणखी एक लौकिक होता. त्यांना दोन अपेंडिक्स होती. एक शाळेच्या वयात सरकारी संगोपनगृहात काढलं. पुढे पन्नाशीला आल्यावर पोटात कळा आल्या, रातोरात दवाखान्यात न्यावं लागलं आणि दुसरं निघालं. त्या वेळच्या डॉक्टरांनी ताईंच्या पोटावरचा जुना व्रण बराच वेळ पाहिला. अपेंडिक्स उजवीकडे असतं आणि हा व्रण मधोमध होता. भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर "असतं एखाद्याला," एवढंच पुटपुटले आणि हात धुवायला गेले. झालं, भाऊसाहेबांना जन्मभराचा विनोद मिळाला. "देवाने आमच्या ताईला जीभ दिली अर्धी, आणि अपेंडिक्स दिली दोन!" पाहुणे हसत, सूनबाई हसत, आणि वाईट दिसायला नको म्हणून ताईही हसत.

ताईंचा नवरा शिंपी होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं तो उरल्यासुरल्या तुकड्यांतून झबली शिवून ठेवायचा. पाळणा काही हलला नाही. लोक ताईंकडे बघून कुजबुजायला लागले तेव्हा तो गळ्यातली टेप सारखी करत शांतपणे सांगायचा, "दोष माझ्यात आहे." सगळ्यांना पटलं. मुख्य म्हणजे ताईंना पटलं. एकदा रागाच्या भरात त्या त्याला म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझी कूस रिकामी राहिली." जन्मभर अडखळणाऱ्या ताईंच्या तोंडून ते वाक्य मात्र घडाघडा बाहेर पडलं होतं. त्याने मान खाली घातली आणि मशीन चालू केलं. तो गेला तरी ते मशीन ताईंच्या कानात चालूच होतं. खरंच कुणात दोष होता, हे मरायच्या आधी एकदा कळावं, याखेरीज त्यांना आता काही नको होतं.

मग संग्रहालयाचं पत्र आलं. आपल्या घराण्याचं पदक प्रदर्शनासाठी मिळावं, उद्घाटनाला सहकुटुंब यावं, अशी विनंती होती. भाऊसाहेबांनी पहिल्याच परिच्छेदात छाती फुगवून घेतली आणि पुढचं वाचायला श्वास उरला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे नटूनथटून गेले. दारावर मोठ्या अक्षरांत 'निवडलेले' आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि गाळलेले' असं लिहिलं होतं. भाऊसाहेबांना मोठी अक्षरं तेवढी दिसली. त्यांनी आपलं पदक शोधून काढलं आणि काचेच्या पेटीशेजारी असे उभे राहिले, की बघणाऱ्याने आधी त्यांना पाहावं.

ताई माहिती सांगणाऱ्या मुलीच्या मागोमाग गेल्या. मुलगी हळू बोलत होती. जनावरांच्या बाजारातच ही कुटुंबांची स्पर्धा भरायची, असं तिने सांगितलं. एका तंबूत बैल आणि शेजारच्या तंबूत माणसं. वजनकाटा दोन्हीकडे एकच फिरायचा. परीक्षक डोकी मोजायचे, दात बघायचे, आणि घराण्यात कुणी वेडं, दारुडं, तोतरं आहे का म्हणून विचारायचे.

ताईंना आठवलं. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात वडील म्हणाले होते, "तू जरा हवापालटाला जाऊन ये." खात्याच्या बाई गाडी घेऊन आल्या होत्या, आणि आईने डबा दिला होता. ताई परत आल्या तेव्हा पोटावर टाके होते आणि भिंतीवर पदक होतं. घरात पेढे वाटून झाले होते. त्यांच्यासाठी एक ठेवलेला होता.

मुलगी एका मोठ्या फोटोसमोर थांबली. लोखंडी खाटांची रांग, उंचावर खिडक्या, आणि प्रत्येक खाटेच्या पायाला दोरीने बांधलेला पत्र्याचा पेला. तो पेला ताईंनी ओळखला. पाणी पिताना दोरी पुरायची नाही, खाटेवरून वाकावं लागायचं.

"या मुलींना मुलं होऊ नयेत म्हणून इथे शस्त्रक्रिया करत," मुलगी म्हणाली. "खात्याचा हुकूम असायचा आणि वडिलांची सही. मुलींना सांगायचे, तुमचं अपेंडिक्स काढलं. बऱ्याच जणींना शेवटपर्यंत कळलंच नाही."

ताईंचा हात पोटावर गेला. वडिलांचा राग यायला हवा होता, पण तो नंतर आला. आधी आठवला तो मशीनवर मान घालून बसलेला शिंपी. त्याच्यात काहीसुद्धा दोष नव्हता. आपण त्या भल्या माणसाला जे बोललो ते परत घ्यावं, तर आता तो नाही. टेपमापाएवढा माणूस, आणि सगळ्या सरकारचं पाप त्याने अंगावर घेतलं होतं. ताई तशाच पदकाच्या पेटीकडे चालू लागल्या. मुलगी आणि तिच्याबरोबरचा घोळकाही हळूहळू तिकडेच आला.

इतकी माणसं आपल्यासाठीच आलीत म्हटल्यावर भाऊसाहेब खुलले. तिकडे काय बोलणं झालं यातलं अक्षरही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांनी पदकावरचं मूल दाखवलं, आपली हनुवटी दाखवली, आणि मग प्रेमाने ताईंना पुढे ओढलं.

"ही माझी थोरली बहीण! देवाने हिला जीभ दिली अर्धी, आणि अपेंडिक्स दिली दोन!"

कुणी हसलं नाही. माहिती सांगणाऱ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. सूनबाईही आज खाली बघत होत्या. लोकांना नीट ऐकू आलं नसावं, बिचारे, असं भाऊसाहेबांना वाटलं.

"अपेंडिक्स!" ते ओरडले. "दोन! एक सरकारी संगोपनगृहात काढलं! फुकट!"

"बाळ," ताई म्हणाल्या.

"काय गं?"

"दोन नव्हती रे. एकच होतं." ताई इतक्या मोठ्याने बोलताना घरच्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "पहिल्या वेळी त्यांनी माझी मु... मु..."

"मुतखडा?" भाऊसाहेबांनी सवयीने मदत केली.

ताईंनी मान हलवली. या खेपेला त्यांनी घाई केली नाही, की भावाचा शब्द मुकाट्याने गिळला नाही. सगळा घोळका थांबला होता आणि त्यांनी तो थांबू दिला.

"मुलं," ताई म्हणाल्या.

तेवढं भाऊसाहेबांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं.