शेरा : बरी

मी ओव्हरसिअर होतो आणि मला माझ्या अक्षराचा भारी गर्व होता. अक्षर स्वच्छ असलं की वाचणाऱ्याला अर्थही स्वच्छ कळतो, असं मी धरून चाललो होतो. तो गर्व बासष्ट साली उतरला. पण भोग आला तो दत्ताराम मेस्त्रीच्या वाट्याला.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात नवी सरकारी कचेरी बसायची होती. भाड्याने जागा हवी, म्हणून दोन इमारतींची तपासणी निघाली. एक बंदरावरची जुनी पेढी, दुसरी बाजारातली गणपतशेटची नवी कोरी सिमेंटची इमारत. एकाच माणसाने दोन्ही पाहिल्या तर पक्षपात होतो, असा जिल्ह्याच्या साहेबांचा नियम. म्हणून पेढी माझ्याकडे आली आणि बाजारातली इमारत साताऱ्याहून बदलून आलेल्या शिंद्यांकडे. तक्त्यात नऊ रकाने होते, पाया, भिंती, छप्पर, उजेड, वारा असे, आणि प्रत्येकापुढे एका शब्दात शेरा लिहायचा.

पेढी गलबतांच्या धंद्याची. माल ट्रकांनी जायला लागला, गलबतं बसली आणि मालक मुंबईला निघून गेले. सरकारने घेतली तर ठेवू, नाहीतर पाडून चिरे विकू, असं त्यांनी कळवून टाकलं होतं. दत्ताराम मेस्त्रीला हे ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती पेढी त्यानेच बांधली. चुना मळायला त्याची बायको यशोदा होती. छपरावर नळे चढले, त्याच महिन्यात ती तापाने गेली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी पेढीच्या पायरीवर येऊन बसायचा.

मी तपासणीला गेलो तेव्हा सगळी पेढी झाडून तो दारात उभा होता.

"साहेबानू, चिरो वाजता कसो तो आयका," म्हणत त्याने हातोडीचा दांडा भिंतीवर मारला. टणक, कोरडा आवाज आला. "ओलो चिरो असो वाजाचो नाय."

"आणि गिलावो?" मी विचारलं.

"माझ्या घरकारणीन मळलेल्या चुन्याचो." त्याने भिंतीवर तळवा ठेवला. "नखान खरवडून बघा."

मी खरवडलं. नख झिजलं, चुना सुटला नाही.

मी मूळचा याच मुलखातला, आरोंद्याचा. कचेरीत शुद्ध बोलतो, पण त्याच्याबरोबर फिरता फिरता माझी जीभ घरच्या वळणावर गेली. दर खोलीत तो विचारायचा, "कशी आसा?" आणि मी म्हणायचो, "बरी आसा." अगदी मनापासून म्हणायचो, आणि तेच तक्त्यात उतरत गेलं. पाया बरा, भिंती बऱ्या, वारा बरा. खाली एकूण इमारत : बरी. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. लाखात एक माणूस गेला तरी आम्ही 'बरो माणूस होतो' एवढंच म्हणतो.

"काय लिवलास?" त्याने विचारलं.

"बरी."

त्याचे डोळे भरून आले. टॉवेलने तोंड पुसत तो म्हणाला, "मगे ऱ्हवली माझी पेढी."

महिन्याभराने कागद आला. 'बाजारातील इमारत चांगली असून बंदरावरील केवळ बरी आहे. सबब बाजारातील घेण्यात यावी.' त्यातलं 'केवळ' माझं नव्हतं. 'चांगली' शिंद्यांचं होतं. पण 'बरी' माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. साहेब पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला.

"अहो, बरी म्हणजे चालण्याजोगी. चांगली होती तर चांगली लिहायचंत."

"आमच्याकडे बरी म्हणजे चांगलीच, साहेब."

"तक्ता तुमच्याकडचा नाही ना, सरकारचा आहे."

करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. मी चहा तसाच ठेवून उठलो. राग साहेबांचा आला नाही, स्वतःचाच आला.

दिवाळीनंतर पेढी उतरवायला घेतली. बाहेरून आणलेल्या गड्यांच्या हातून चिरे फुटत होते, कारण चुना सोडतच नव्हता. शेवटी मालकांनी दत्तारामलाच बोलावलं. मी गेलो तेव्हा तो भिंतीवर बसून छिन्नीने सांधे मोकळे करत होता. मला पाहून खाली उतरला.

"मेस्त्री, तुम्ही कशाला घेतलात हे काम?"

"दुसऱ्याच्या हातान फुटण्यापरास माझ्या हातान सुटांदे." मग म्हणाला, "साहेबानू, एक इचारू? तुमी त्या दिसा बरी म्हणानच लिवलास मां?"

"तसाच लिवलंय, मेस्त्री. नऊच्या नऊ जाग्यार."

त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता, आणि तेच मला सहन होईना. त्या शब्दानेच घात केला, हे सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं, पण मी भ्यालो.

भिंतीकडे बघत तो म्हणाला, "मगे सरकाराक बरी नको होती काय?"

 मग तो पुन्हा वर चढला आणि पुढच्या चिऱ्याला छिन्नी लावली.