राखेची रेघ

उज्ज्वलाने स्क्रीन मागितली तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातले लोक हसले. आहुप्याच्या माळावर मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना, जिथे फोनला रेंज मिळवायची तर कड्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि या बाईंना टीव्हीवरच्यासारखी स्क्रीन पाहिजे! पण ती अडून बसली. कॅमेरा नसेल तर शिट्टी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाला, असं तिने स्वच्छ सांगून टाकलं.

तिचंही काही चुकत नव्हतं. घोडेगावच्या शाळेत खेळ शिकवता शिकवता ती पंच झाली, आणि आंबेगाव-जुन्नरात शिट्टी धरणारी बाई म्हणून तिचं कौतुकही झालं. मग मागच्या वर्षी खालच्या एका गावात तिने चुकीची पेनल्टी दिली. चूक खरीच होती. पण ती कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडावर गाढवाचं तोंड चिकटवलेला व्हिडिओ दोन्ही तालुक्यांत फिरला. शाळेच्या फाटकाला चपलांची माळ लागली. सासरे चहाला हॉटेलात बसले की लोक त्यांना मुद्दाम विचारायचे, सूनबाईंचा चष्म्याचा नंबर किती? म्हातारा हॉटेलात जायचाच बंद झाला. घरात कुणी तिला बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उज्ज्वलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता आणि तो तिला यंत्राकडून उसना हवा होता.

शेवटी मंडळाने मंचरचा सार्थक ठरवला. हा लग्नांचं शूटिंग करायचा. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि गोड जीभ. बॉल बाहेर गेला की आत राहिला, हे लॅपटॉपवर लाल रेघ ओढून दाखवीन, असं त्याने कबूल केलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी ती मैदान बघायला गेली. भातं कधीच निघाली होती, माळ वाळून पिवळा पडला होता, आणि गावच्या पोरींनीच चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या होत्या. देवराईकडची बाजूची रेघ मात्र एका ठिकाणी तुटली होती. तिथे शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. चुना त्याच्या अलीकडे थांबला होता आणि पलीकडे पुन्हा सुरू झाला होता. मधल्या जागेत राखेची रेघ होती, आणि ती सरळ न जाता मैदानात आत शिरून, देवाला वळसा घालून पलीकडच्या चुन्याला मिळाली होती.

देवाची राखण करणारा चांगदेव तिथेच उकिडवा बसला होता. तो आरतीचा आजा, आणि आरती म्हणजे आहुप्याच्या संघाची कप्तान. देवाला चुना चालत नाही, चुना पोळतो, म्हणून चुलीतली राख, असं त्याने समजावलं. देवाची जागा रेघेबाहेर. तिथे पायताण घालून कुणी जायचं नाही. पोरी चालायला लागल्यापासून हे पाळत आलेल्या. उज्ज्वलाला यात काही वावगं वाटलं नाही. रेघ जिथे मारली तिथे रेघ, असं ती म्हणाली. समोरच्या मंचर संघाच्या कप्तानाला, मोहिनीलाही तिने ती राख दाखवली. सार्थकला सांगायचं तेवढं राहून गेलं. तो तेव्हा जनरेटरशी झटापट करत होता.

दुपारी मंचरकडून जीप भरभरून माणसं आली. गळ्यात उपरणी, हातात भोंगे. मागच्या वर्षी त्या पेनल्टीवरून जे ओरडले होते तेच चेहरे होते, आणि उज्ज्वलाने ते ओळखले. पुण्याच्या एका क्रीडाशाळेचे साहेबही आले होते. या सामन्यातून ते एक मुलगी निवडून नेणार होते. राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं तिकडेच. आरती दहावीत होती. पुढे शिकवायला घरी ना ऐपत ना सोय, त्यामुळे दहावीनंतर तिच्यासाठी शेत किंवा मजुरी, तिसरं काही नव्हतं. हे सगळा गाव जाणत होता. आणि खेळ तर असा की मंचरची माणसंही तिच्या पायांत बॉल आला की भोंगे खाली करत.

दोन्हीकडे एकेक गोल झालेला. खेळ संपत आला होता. मोहिनी बॉल घेऊन देवराईच्या बाजूने पळाली आणि आरती तिच्या अंगाला अंग लावून. वाघोबापाशी बॉल राख ओलांडून गेला. उज्ज्वला तिथून चार हातांवर होती. राखाडी पुसट रेघ, तिच्या पलीकडे बॉल, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी जमीन, इतकं लख्ख तिला दिसलं. हातच्या काकणाला आरसा लागत नाही.

आरती जागच्या जागी थांबली. देवाची जागा आली की थांबायचं, एवढंच तिच्या पायांना माहीत. तिच्यामागच्या आहुप्याच्या सगळ्या पोरी हात वर करून थांबल्या. मोहिनी थांबली नाही. दगडाला घासून तिने बॉल आत ओढला, पुढे दिला, आणि उज्ज्वलाची शिट्टी वाजेपर्यंत तो जाळीत होता.

बॉल बाहेर, गोल नाही, असं उज्ज्वलाने हाताने दाखवलं. आणि मग जीपांमधली सगळी माणसं मैदानात घुसली. स्क्रीन बघा, स्क्रीन बघा, असा एकच गलका झाला. तिनेच मागवलेली स्क्रीन, आता नाही कशी म्हणणार? शंभर पायांखाली राख कुठल्या कुठे गेली. चांगदेव दगडाला कुणाचा पाय लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून तिथेच बसून राहिला. बाईंना सगळं ठाऊक आहे, अशा भरवशाने तो उठलाही नाही.

मंडपात सार्थकने चित्र मागे नेलं आणि थांबवलं. वाळल्या गवतावर राख दिसतच नव्हती. अलीकडचा चुना दिसत होता, पलीकडचा दिसत होता. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल रेघ ओढली. बॉल रेघेच्या आत होता.

सार्थक लबाड नव्हता. त्याला शंका आली.

"मॅडम, चुना मधेच तुटलाय. रेघ तिथं सरळच जाते ना?"

दोन्ही कप्तानांना तिने शेजारी उभं केलं होतं. मोहिनी खाली बघत होती. आरती सरळ उज्ज्वलाकडे बघत होती. मंडपाच्या कनातीबाहेर कुणीतरी गाढवासारखं ओरडलं आणि हशा पिकला. उज्ज्वलाला फाटकावरची माळ दिसली, घरात बसून राहिलेला सासरा दिसला. एक शब्द बोलायचा होता. तो बोलली असती तर मंचरवाल्यांनी मानावी अशी साक्ष कुणाची होती? पुसली गेलेली राख आणि तिचे डोळे. त्या डोळ्यांची किंमत दोन तालुक्यांनी आधीच केली होती.

"सरळच," ती म्हणाली.

"बाई, तिथं रेघ वळती," आरती हळूच म्हणाली. "तुमी सकाळी बघितली व्हती."

"खेळाडूंनी मागं व्हा," उज्ज्वला म्हणाली.

आरती मागे झाली.

गोल दिला गेला. मंचर जिंकलं. यंत्र खोटं बोलत नाही, असं मंडळाच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं आणि उज्ज्वलाला शाल दिली. पुण्याचे साहेब मोहिनीचं नाव लिहून घेऊन गेले. आरतीचे पाय चांगले आहेत, पण पोरगी ऐन वेळी खेळ सोडून उभी राहते, असली मुलगी काय कामाची, असं ते जाता जाता म्हणाले. ते उज्ज्वलाने ऐकलं. घरी सासऱ्यांनी शालीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात गेले. तिला मात्र जेवण गेलं नाही. आपण बघून न बघितल्यासारखं केलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

वर्षाने तीच स्पर्धा पुन्हा आहुप्याला आली, आणि शिट्टीही तिच्याच गळ्यात. ती सकाळी लवकर निघाली. वाटेत तिने मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं: चांगदेवापुढे उभं राहायचं, घडलं ते सांगायचं, मग तो काय म्हणेल ते खाली मानेने ऐकायचं.

देवराईकडची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी आणि सरळ होती. दगड नव्हता. तिथली माती भरून, चोपून सपाट केली होती आणि चुना तिच्यावरून गेला होता.

चांगदेव कडेला बसला होता. वर्षात बराच खंगला होता. देव कुठे गेला, असं तिने विचारलं. आत रानात नेऊन ठेवला, तो म्हणाला. गावातली म्हातारी माणसं रागावली, दोन घरं अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

"म्या म्हनलं, मशीनला देव दिसत न्हाई त्याला ते तरी काय करंल? पोरींचं नुकसान व्हतंय. आता बघा, रेघ सरळ हाय."

"आरती कुठंय?"

"नारायणगावला. टोमॅटोच्या शेडवर. क्रेट उचलती."

उज्ज्वलाने सुरुवात केली. बाबा, मागच्या वर्षी माझ्याकडून, असं ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं.

"तुमी कशापायी मनाला लावून घेता, बाई? गावात लोक लई वंगाळ बोलत व्हते तुमाला. आरतीनंच गप केलं समद्यांना. बाईंना गर्दीत दिसलंच न्हाई म्हनली. दिसलं असतं तर बाई बोलल्या असत्या."

दोन्ही संघ मैदानात येऊन उभे राहिले होते. तिकडून कुणीतरी बाई, बाई म्हणून हाका मारत होतं. उज्ज्वलाने म्हाताऱ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि त्यात शिट्टी धरली.